नांगराची खबर

गेल्या मार्चमध्ये जोडून सुट्टी मिळाली म्हणून मी पुण्याहून मामांकडे गेलो होतो. त्यांचं गाव पाचगणीच्या जवळ, मुख्य रस्ता सोडून थोडं आत. घरामागे पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये दोन मोठी स्टीलची पातेली, एक बाटल्या भरायचं मशीन, लेबलांचे गठ्ठे आणि वर्षभर न जाणारा स्ट्रॉबेरीचा वास. मामा-मामी आणि हंगामात कामाला येणाऱ्या गावातल्या दोन-तीन बायका मिळून क्रश आणि जॅम बनवतात. स्ट्रॉबेरीचा, आणि थोडाफार मलबेरीचा. कंपनी म्हणावी तर कंपनी आहे, कारण लायसन्स आहे, जीएसटी नंबर आहे, आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना बनवून दिलेला लोगोही आहे.

रात्री जेवणं झाल्यावर मामांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. गेलं वर्षभर त्यांच्या मालाची ऑनलाइन जाहिरात मीच चालवत होतो. मी पुण्यात बसून कोणाला जाहिरात दाखवायची, किती वाजता दाखवायची, एका क्लिकला किती पैसे मोजायचे हे ठरवायचो आणि मामा पैसे भरायचे. जानेवारीत ऑर्डरी चांगल्या आल्या होत्या. फेब्रुवारीत मामांचा हात जरा आखडला म्हणून आम्ही तीन आठवडे जाहिरात बंद ठेवली होती. स्क्रीनवरचा आलेख त्या तारखेला कड्यावरून खाली पडावा तसा पडला होता.

"आरं, जाहिरात थांबली की ऑर्डर थांबती," मामा म्हणाले. "नळ बंद केला की पाणी बंद, तसं. मग एवढं वर्षभर पैसं भरून आपण नक्की इकत काय घेतलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शब्द पुष्कळ होते. रीच, एंगेजमेंट, कन्व्हर्जन. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळं होतं. शेत घेतलं तर शेत राहतं, मशीन घेतलं तर मशीन राहतं. जाहिरातीतून काय राहतं?

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे. उत्तर शोधताना मी शंभर वर्षं मागे गेलो आणि पाचगणीचा घाट उतरून पार सांगली जिल्ह्यातल्या एका माळरानावर पोचलो. पण आधी पाचगणीबद्दल थोडं.

*

पाचगणी हीच मुळात एक जाहिरात आहे, असं मी म्हटलं तर पाचगणीकर रागावतील. पण बघा. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी हे ठिकाण वसवायला घेतलं. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहता येत नाही, इथे बारा महिने राहता येतं, हा या जागेचा गुण. सिल्व्हर ओकची झाडं लावली गेली, बंगले झाले, मग निवासी शाळा आल्या. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आलं. हवा चांगली आहे हे सांगायला कोणी पाट्या लावल्या नसतील. शाळेतली मुलं घरी पत्रं पाठवत, बरे झालेले रोगी गावी जाऊन सांगत. पाचगणीचं नाव असं पसरलं.

त्या नावावर पुढे फळांचा धंदा उभा राहिला. १९५९ साली किशोर व्होरा या फार्मासिस्टनी पाचगणीत स्ट्रॉबेरीचा जॅम बनवायला सुरुवात केली. तीच आजची मॅप्रो. त्या काळी इथे पिकणारी स्ट्रॉबेरी म्हणजे नाजूक जीव. सकाळी तोडली की दोन दिवसांत माना टाकणार. मुंबई-पुण्याला पोचेपर्यंत अर्धी पेटी खराब. जॅम करणं हा त्यावरचा सरळ उपाय होता. आज पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गुरेघरला मॅप्रो गार्डनपाशी शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

तुम्ही तिथे गेला असाल तर एक गोष्ट आठवेल. आत शिरलं की आधी काहीतरी तुमच्या हातात पडतं. क्रशचा घोट, जेलीची वडी, जॅमचा चमचा. घ्या किंवा घेऊ नका, चव तर बघा. शिवाय बाग आहे, सँडविच आहे, पोरांना खेळायला जागा आहे. माणूस तिथे दोन तास काढतो आणि घरी जाताना पिशवीत दोन बाटल्या असतात. मग सहा महिन्यांनी सोलापुरात किंवा नागपुरात दुकानाच्या फळीवर तीच बाटली दिसते आणि त्याला ती दुपार आठवते. या आठवणीसाठी कंपनीला दर क्लिकला पैसे मोजावे लागत नाहीत.

मामांना मी हे समजावून सांगितलं. ते हसले. "आपल्याकडं बाग न्हाई, रस्त्याला जागा न्हाई. गिऱ्हाईक आपल्या दारापर्यंत येतंय कुठं?"

खरं होतं. मोठ्या झालेल्या कंपनीकडे बघून छोट्या कंपनीला फारसं शिकता येत नाही. बघायची तर मोठी कंपनी छोटी असतानाची बघायला हवी. आणि गिऱ्हाईक दारात येत नसेल, गावोगाव विखुरलेलं असेल, शिवाय त्याचा तुमच्या मालावर विश्वासच नसेल, तर काय करायचं? याचं उदाहरण आमच्याच दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यात सापडलं.

*

सातारा, कराड करत खाली उतरलं की पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. १९१० साली तिथे कुंडल रोड नावाचं लहानसं स्टेशन होतं आणि आजूबाजूला निवडुंगानं भरलेला माळ. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. औंधची राजधानी साताऱ्याकडे आणि हा तुकडा इकडे, अशी त्या संस्थानाची विखुरलेली रचना होती.

लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे आले ते बेळगावहून. त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. रंग सुटले, यंत्रांची ड्रॉइंग हाती आली. पुढे त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. तिथे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. भावासोबत सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड हलवायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळावरची जमीन दिली, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

माल होता नांगर. अडचण होती शेतकरी.

आपल्याला आज ऐकताना हसू येतं, पण लोखंडी नांगरानं जमिनीत विष पसरतं अशी तेव्हा समजूत होती. काळी आई, तिच्या अंगात लोखंड खुपसायचं? लक्ष्मणरावांना पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षं लागली असं सांगतात. आणि हा अडाणीपणा फक्त आपल्याकडचा होता असं समजू नका. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डनी १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही अगदी हेच म्हटलं होतं: लोखंडानं जमीन नासते. दोन खंड, मध्ये शंभर वर्षांचं अंतर, आणि तीच भीती.

मला या भीतीत अडाणीपणापेक्षा हिशोब जास्त दिसतो. शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. गावातल्या सुतारानं बाभळीचा नांगर करून दिला तर तो मोडल्यावर सुतार घरी येऊन दुरुस्त करतो, आणि वर्षाकाठी धान्य घेऊन जातो. तुमचा लोखंडी नांगर रोख पैशानं घ्यायचा. त्याचा फाळ झिजला तर? तुटला तर? तुम्ही कुठल्या वाडीला राहता, मी कुठे शोधू? बैल दोन आहेत, नांगर जड पडला तर आणखी एक जोडी कोण देणार? आणि एक हंगाम चुकला तर वर्ष गेलं. या प्रश्नांना "उत्तम, मजबूत, टिकाऊ" हे तीन शब्द उत्तर देत नाहीत. जमीन विषारी होते हे कदाचित वर बोलायचं कारण होतं. आतलं कारण एवढंच होतं: मी तुम्हाला ओळखत नाही.

म्हणजे प्रश्न जाहिरातीचाच होता, फक्त तो लक्ष वेधण्याचा नव्हता. ओळख होण्याचा होता.

*

नांगर चांगला होता, त्यामुळे हळूहळू खपू लागला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या अशी हकीकत आहे. तोफांचे नांगर झाले. एवढी बोलकी गोष्ट आजच्या एखाद्या ब्रँड मॅनेजरला मिळाली असती तर त्यानं तिच्यावर तीन वर्षं काढली असती.

पण मला ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे तो लक्ष्मणरावांचा पुतण्या. शंकर वासुदेव किर्लोस्कर, पुढे महाराष्ट्रानं ज्यांना शंवाकि म्हणून ओळखलं. जन्म १८९१ चा. काकांना रंगांनी दगा दिला होता, पुतण्या मात्र रीतसर चित्रकला शिकलेला. वाडीला आल्यावर त्यांच्याकडे काम आलं मालाच्या विक्रीचं आणि जाहिरातीचं. चित्रकार माणूस माळावरच्या कारखान्यात नांगरांच्या जाहिराती करतोय. आपल्यातल्या कित्येकांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. शिकलो एक, करतोय एक.

१९२० मध्ये शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं मासिक सुरू केलं. नावातच सगळं आहे. किर्लोस्करांकडची खबर. कारखान्यात काय नवं घडतंय, कोणतं अवजार तयार झालंय, ते कसं वापरायचं. आजच्या भाषेत कंपनीचं न्यूजलेटर. ते वाडीतच निघायचं आणि गिऱ्हाईक, विक्रेते, हितचिंतक यांच्यापर्यंत जायचं.

इथपर्यंत विशेष काही नाही. अशी न्यूजलेटरं आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडून असतात. विशेष आहे ते पुढे घडलेलं.

'खबर'मधली नांगराची जागा कमी होत गेली आणि वाचणाऱ्याची जागा वाढत गेली. उद्योग कसा सुरू करावा, आरोग्य कसं सांभाळावं, जगात कोणते शोध लागतायत, यावर लेख येऊ लागले. गोष्टी आल्या, चित्रं आली, विनोद आला. १९२९ मध्ये नावातून 'खबर' गेलं आणि मासिक नुसतं 'किर्लोस्कर' झालं. १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. तिघांना मिळून लोक 'किस्त्रीम' म्हणत. तुमच्या आजीला विचारा. तिच्या आईच्या कपाटात 'स्त्री'चे अंक असण्याची बरीच शक्यता आहे.

नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेलं पत्रक दहा-पंधरा वर्षांत मराठी मध्यमवर्गाचं घरचं मासिक झालं होतं. शिवाय ते गोड गोड बोलून झालेलं नव्हतं. अंधश्रद्धेवर, जुन्या रूढींवर, बायकांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीवर ही मासिकं थेट बोलत. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख 'किर्लोस्कर'मध्ये येत, आणि त्यानं वाचक दुखावतही. धंद्याचा विचार करा. ज्यांना माल विकायचा त्यांच्याच समजुतींवर तुम्ही आपल्या नावानं निघणाऱ्या मासिकात टीका करताय. आजचा कुठलाही मार्केटिंगवाला म्हणेल, सर, ब्रँडला धोका आहे.

मला उलट वाटतं. जमीन विषारी होते असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी नांगर विकायचा प्रयत्न केला होता. समजुतीशी भांडल्याशिवाय आपला माल खपणार नाही, हे या घरानं सुरुवातीलाच अनुभवलं होतं. मासिकानं तेच भांडण मोठ्या रिंगणात नेलं. जुनं तपासून बघा, नवं वापरून बघा, हाताला काम लावा. हा विचार ज्याच्या घरात शिरला तो आज ना उद्या लोखंडी नांगर, पाण्याचा पंप, ऑइल इंजिन घेणारच होता. कोणाचं घ्यायचं हा प्रश्न मग फार उरत नव्हता. नाव दर महिन्याला घरात येतच होतं.

*

असं करणारे शंकरराव जगात एकटे नव्हते. अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीची सुरुवातही नांगरापासूनच झाली होती, १८३७ साली. या कंपनीनं १८९५ मध्ये 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांचं मासिक काढलं. फरो म्हणजे नांगराचं तास. ते आजही निघतं. फ्रान्समध्ये १९०० साली मिशेलिन या टायर कंपनीनं मोटार चालवणाऱ्यांसाठी एक पुस्तिका फुकट वाटली. त्यात रस्त्यांचे नकाशे, गाडी दुरुस्त करणारे, पेट्रोल मिळण्याची ठिकाणं, जेवायच्या-राहायच्या जागा होत्या. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजतील, एवढा साधा हिशोब. आज जगातले मोठमोठे आचारी ज्या मिशेलिन ताऱ्यांसाठी जीव टाकतात ते त्या पुस्तिकेतून आलेत. अनेकांना तर ही टायरची कंपनी आहे हेच माहीत नसतं.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. जाहिरातीतून माल काढून टाकला, तरी जे उरतं ते वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. नांगर न घेणाऱ्यालाही 'किर्लोस्कर' वाचून काहीतरी मिळत होतं. टायर न घेणाऱ्यालाही पुस्तिकेतून जेवायचं ठिकाण सापडत होतं. आता हीच कसोटी आपल्या फोनमधल्या जाहिरातींना लावा. त्यातून माल काढून टाकला तर काय उरतं? बहुतेक वेळा स्किपचं बटण.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मी मामांसाठी जे चालवत होतो ते भाड्याचं होतं. ऑनलाइन जाहिरातीची जागा लिलावात जाते. हंगामात स्ट्रॉबेरी शोधणाऱ्या माणसाच्या स्क्रीनवरच्या चार इंचांसाठी मामा आणि मोठमोठ्या कंपन्या एकाच वेळी बोली लावतात. डिसेंबरमध्ये सगळेच बोली लावतात, म्हणून दर चढतो. पैसे भरले तोवर जागा तुमची, थांबलात की दुसऱ्याची. ज्यांनी क्लिक केलं त्यांची यादीही प्लॅटफॉर्मकडे राहते, आपल्याकडे राहतो तो आलेख. यात फसवणूक नाही. भाडं भरून राहणाऱ्यानं घर आपलं का झालं नाही असं विचारण्यात अर्थ नसतो. चूक माझी होती. भाडं भरतोय हे मी मामांना सांगितलं नव्हतं, कारण ते माझ्याही नीट लक्षात आलं नव्हतं.

शंकररावांची 'खबर' मालकीची होती. वाचकांची यादी वाडीत होती, मजकूर वाडीचा होता, आणि पोस्टानं गेलेला अंक घरात राहत होता. शेजारी मागून नेत, रद्दीत जायच्या आधी तो चार हातांतून फिरे. जाहिरात थांबली तरी अंक थांबत नव्हता.

*

इथे लेख संपवला तर तो प्रेरणादायी फॉरवर्ड होईल. म्हणून उरलेलंही सांगतो.

पहिली गोष्ट, नांगर आधी आला आणि मासिक नंतर. 'खबर' निघाली तेव्हा नांगर शेतात चालून दाखवून झाला होता, त्याच्यात सुधारणा होऊन झाल्या होत्या. वाईट नांगराला चांगलं मासिक वाचवू शकलं नसतं. उलट, मासिकामुळे नाव झालं असतं आणि त्याच नावानं शिव्या बसल्या असत्या.

दुसरी, किर्लोस्कर छोटे होते पण अगदी निराधार नव्हते. राजानं जमीन दिली होती, पैसे दिले होते. घरात एक शिकलेला चित्रकार होता. त्याला लगेच विक्री न वाढवणारं काम करू देणारा काका होता. दर महिन्याला अंक काढायला माणसाचा वेळ लागतो आणि वेळेचा पगार लागतो. मामींकडे सकाळी सहा ते रात्री आठ शेडचं काम आहे. त्यांना "मामी, कंटेंट बनवा" म्हणणं सोपं आहे, विशेषतः एसीत बसून.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते. मासिक जसं मोठं झालं तसं ते कंपनीच्या हातून सुटलं. वाचक 'किर्लोस्कर'चे झाले, नांगराचे राहिले नाहीत. 'स्त्री'त लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांचा कडबाकापणीशी काय संबंध? पुढे विद्या बाळ यांच्यासारख्या संपादक तिथे घडल्या आणि त्या कामाचा हिशोब कुठल्याही विक्रीच्या खात्यात मांडता येत नाही. कंपनीनं आपल्या नावाचा एक भाग लोकांना देऊन टाकला. आपल्या नावावर आपल्याच हक्काचा आग्रह धरणाऱ्याला हे जमणार नाही.

पाचगणी-महाबळेश्वरच्या बाबतीतही काहीसं असंच आहे. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ते नाव कोणा एका कंपनीचं राहिलं नाही, ते या मातीत पीक घेणाऱ्यांचं झालं. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेली बाई, मामा, आणि मोठा कारखाना, तिघंही त्याच एका नावाच्या सावलीत बसलेत. चेसनच्या काळापासून या डोंगरावर आलेल्या प्रत्येकानं त्या नावात थोडी भर घातली. त्याबदली कोणी क्लिकचे पैसे मागितले नाहीत.

*

रविवारी सकाळी मी हे सगळं मामांना सांगत बसलो होतो. ते स्ट्रॉबेरीची देठं काढत ऐकत होते. किर्लोस्करांचा नांगर त्यांना माहीत होता. त्यांच्या आज्यानं तो वापरला होता आणि त्याचा गंजका फाळ अजून गोठ्याच्या आढ्याला टांगलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. शंभर वर्षांपूर्वी सांगलीच्या माळावरून इथे डोंगरावर कोणीतरी भरवसा ठेवून तो विकत आणला होता. मासिकाबद्दल मात्र मामांना काही ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या घरात येत नव्हतं. आज्याला वाचता येत नव्हतं.

हे ऐकून मी जरा गप्प झालो. 'खबर'ची कथा मी जितक्या सरळ रेषेत मांडली होती तितकी ती सरळ नव्हती. अंक वाचणारा एक होता आणि नांगर धरणारा बहुधा दुसराच. मधे कोणीतरी होतं. अंक वाचून पारावर सांगणारा मास्तर, तलाठी, शिकलेला पुतण्या. छापलेला शब्द शेवटी तोंडीच पोचला असणार.

"मग आपण तोंडीच सांगू की," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून मामा व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज पाठवतात. आजवर ज्यांनी माल घेतला त्यांचे नंबर बिलांच्या वहीत होते. प्रत्येकाला विचारून, हो म्हणणाऱ्यांची यादी केली. पहिल्या महिन्यात ती शंभराच्या आत होती. आठवड्यातून एक मेसेज, दोन मिनिटांच्या आत. आज दंव पडलं, फळ लहान येणार पण गोड येणार. बाजारात फळ घ्याल तर देठ हिरवं बघून घ्या, धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका, खायच्या वेळी धुवा. मलबेरीचा हंगाम चारच आठवडे असतो, पक्षी आमच्या आधी खातात. क्रश विकत घ्या असं मामा कधी म्हणत नाहीत. ते त्यांना बोलायला लाज वाटते म्हणून, हे खरं कारण आहे. मी त्याला धोरण म्हणतो.

ऑर्डरी वाढल्या का? थोड्या. सांगण्यासारखा आलेख अजून नाही. ऑनलाइन जाहिरात आम्ही पूर्ण बंद केली नाही, निम्म्यावर आणली. नवीन माणूस कुठून तरी यायला लागतोच आणि त्यासाठी भाडं भरणं भाग आहे. फरक एवढाच की आता मला माहीत आहे, कोणता पैसा भाड्याला चाललाय आणि कोणता घराच्या पायात.

जूनमध्ये पाऊस लागला. शेड बंद झाली, फळ संपलं, विकायला काही उरलं नाही. जाहिरात अर्थातच बंद. मामांनी तरीही मेसेज पाठवला. पाचगणीवर ढग उतरलेत, टेबललँड चार दिवस दिसलेला नाही, मदर प्लांटच्या रोपांवर ताडपत्री टाकलीये, सगळं ठीक आहे.

त्यावर साताऱ्याहून, पुण्याहून, एक ठाण्याहून, अशी अकरा उत्तरं आली. ऑर्डर एकही नव्हती. ठाण्याच्या बाईंनी विचारलं होतं, रोपं वाचली का ते पुढच्या आठवड्यात नक्की कळवा.

मामांनी तो मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं: हे नळ बंद केल्यावरचं पाणी हाय का?